दांडी धर, शालन

"संपला वैनी, तुमचा गिअरबॉक्स," परसूनं बोळ्याला हात पुसत सांगितलं आणि पायानंच एक प्लास्टिकचं घमेलं माझ्यापुढं सरकवलं.

घमेल्यात काळं तेल होतं. तेलात दात झडलेली दोन चक्रं. परसूनं पान्यानं तेल ढवळलं, तसा लोखंडाचा चुरा वर्खासारखा चमकला.

परसू माझा चुलत दीर. गडहिंग्लजला संकेश्वर रस्त्याला त्याचं गॅरेज होतं. बोलणं असं, की देवानं जग घडवलं तेव्हा शेजारी उभं राहून पाने हाच देत होता. आम्ही त्याच्याकडं गेलो होतो ते साध्या कामाला. आमच्या जुन्या पिकअपच्या गिअरबॉक्सचं मागचं सील गळत होतं आणि सकाळी गाडी गार असताना दुसरा गिअर जरा कुरकुरायचा. सील बदल, तेल नवं घाल, एवढंच सांगितलं होतं.

"भाऊजी, परवा बाजार करून आली की गाडी. दोन दिवसांत दात पडायला ती काय म्हातारी झाली?"

"गाडी म्हंजे मिक्सर न्हवं वैनी. हे आतलं दुखणं. वरनं कळत न्हाई."

"मग तुम्हाला उघडायच्या आधी कसं कळलं?"

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. "दिनकरदादा, तूच सांग रं वैनीला."

दिनकरदादा म्हणजे आमचे मालक. ते शेजारी उभे राहून मान हलवत होते. मान हलवण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात कुणी धरला नसता. सरपंच बोलला तरी हलायची, सरपंचाच्या विरोधातला बोलला तरी हलायची. लोक म्हणायचे, दिनकर म्हणजे देवमाणूस, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. अध्यात-मध्यात मलाच जावं लागायचं, म्हणून मी तोंडाळ.

"बाहेरचं खोकं कुठाय?" मी विचारलं. "त्याला तर काय झालं नव्हतं."

त्या खोक्याची मला ओळख होती. आदल्या उन्हाळ्यात दाणोलीच्या ओढ्यात खालून धोंडा लागून त्याचा बोल्ट बसायचा एक कान मोडला होता. ते जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, एसटीनं बेळगावला मी नेलं होतं. मालकांना त्या दिवशी कुणाच्या तरी बारशाला जायचं होतं. बेळगावच्या मिस्त्रीनं कान जोडून दिला, पण जोड अगदी ओबडधोबड. आंब्याची कोय चिकटवल्यासारखा.

"ते थुंकून चिकटवलेलं?" परसू हसला. "भंगारवाला घेऊन गेला सकाळीच."

"आमची वस्तू? आम्हाला न विचारता?"

"घरच्या माणसांत विचारायचं काय असतंय?"

मालकांची मान हलली. विषय संपला.

परसूनं कोल्हापूरच्या जुन्या बाजारातनं दुसरा गिअरबॉक्स आणून बसवला. "इंजिन जाईल, पण याला काय होणार न्हाई," असं म्हणाला. मालकांनी त्याला नारळ दिला, टॉवेल दिला. मला वाटलं, आता ओवाळायलाही लावतात की काय.

आमचा धंदा म्हणजे दर मंगळवारचा सावंतवाडीचा बाजार. आजऱ्याच्या अलीकडं आमचं गाव. कांदा, बटाटा, कोबी, रताळी, मिरची भरायची, पहाटे निघायचं, आंबोलीचा घाट उतरायचा आणि ऊन चढायच्या आत पाल ठोकून बसायचं. गाडी मालक चालवायचे. विकायचं मी. मालक विकायला बसले की गिऱ्हाईक म्हणेल तो भाव. तिथंही मान हलायची.

नव्या गिअरबॉक्सवर पहिल्याच मंगळवारी निघालो. सपाटीला काही कळलं नाही. आंबोली मागं टाकून घाट उतरायला लागलो. धुकं होतं, रस्ता ओला होता. मालकांनी तिसरा टाकला, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवर भार येत नाही. धबधब्याच्या खालच्या वळणावर खाडकन आवाज झाला आणि गिअरची दांडी आपली आपण मागं उडाली.

गाडीला धरणारं काहीच राहिलं नाही. मागं टनभर माल. मालकांनी ब्रेक दाबला, गाडी किंचित दबली, पुन्हा सुटली. जळकट वास यायला लागला. त्यांनी इंजिन रेटून कसाबसा पुन्हा तिसरा टाकला. हात काढला की दांडी परत मागं.

"धर!" ते ओरडले. "दांडी धर, शालन!"

मी दोन्ही हातांनी दांडी पुढं रेटली. ती जनावरासारखी धडपडत होती. कोपरं गुडघ्यांवर टेकवली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. डाव्या बाजूचं चाक गटारात उतरलं, डोंगराला घासत गाडी पाच-पन्नास पावलं गेली आणि परत रस्त्यावर आली. उजवीकडं कठडा होता, कठड्यापलीकडं नुसतं पांढरं. तिकडं मी बघितलं नाही. दाणोली येईपर्यंत दांडी सोडली नाही.

खाली गाडी थांबवली तेव्हा माझी बोटं सरळ होईनात. मालक उतरून माझ्या बाजूला आले. माझे हात आपल्या हातात घेतले आणि चोळत बसले.

"तुझा हात लई घट्ट," ते म्हणाले. "दुसरी बाई असती तर आज घरात सुतक असतं."

खोटं कशाला सांगू, मी सुखावले. लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्या हाताचं नाव काढलं होतं ते फक्त आमटीत मीठ जास्त झाल्यावर.

"परसूकडं न्या ती," मी म्हटलं. "उद्याच्या उद्या."

"न्हेतो."

ते एकटेच घेऊन गेले. संध्याकाळी आले ते खाली मान घालून. मी चहा दिला.

"काय म्हणाला?"

"जुना माल हाय. थोडं चालायचंच. मुरंल म्हणाला."

"मुरायला ते लोणचं आहे का?"

"शालन, आता प्रत्येक गोष्टीत तोंड कशाला? तू हैस की दांडी धराय."

पुन्हा तेच. पुन्हा मी भुलले. दर मंगळवारी आंबोली आली की मी पदर खोचायची, कोपरं गुडघ्यांवर टेकवायची आणि घाट संपेपर्यंत ती दांडी रेटून धरायची. तळहाताला घट्टे पडले. बाजारातल्या मासळीवाल्या विचारायच्या, "शालनबाय, हाताक काय झाला गो?" मी ऐटीत सांगायची, "गाडी मालक चालवतात, पण गिअर माझ्या हातात असतो." त्या हसायच्या. मीही हसायची. माझ्या हातावर दोन जिवांचा भरवसा आहे, याचा मला तोरा चढला होता.

अधूनमधून मालक माझ्याकडं तिरके बघायचे. मला वाटायचं, कौतुकानं.

पाऊस संपला. मार्गशीर्षात परसूच्या भाचीचा साखरपुडा नेसरीला ठरला. परसूनंही त्याच पावसाळ्यात आमच्याच जातीची एक जुनी पिकअप लिलावातनं उचलली होती, रंग मारून झकास केली होती आणि दुधाचे कॅन वाहायचं काम मिळवलं होतं. त्या दिवशी भावकी न्यायला तीच निघाली. मागं सतरंजीवर बायका, कडेला पुरुष, त्यात आमचे मालक. मी मोठी जाऊ, म्हणून मान देऊन मला पुढं परसूशेजारी बसवलं. नवी इरकल नेसले होते.

"बघा वैनी, गाडी कशी ठेवायची असती," परसू वाटेत म्हणाला. "लोण्यागत गिअर. दिनकरदादाला सांगून दमलो, पण त्याचा हातच जड."

"व्हय की," मी म्हटलं. "तुमचा हात लईच हलका."

तेव्हा मी सहजच म्हटलं होतं.

नेसरीच्या अलीकडं चढ लागला. परसूनं तिसरा टाकला. आणि मी ऐकलं.

आमच्या गिअरबॉक्सला तिसऱ्यात एक बारीक शीळ होती. भाकरी फुगताना कडेला भोक पडून वाफ सुटते ना, तसा आवाज. वर्षानुवर्षं त्या आवाजाशेजारी बसून मी घाट चढले-उतरले होते. नव्या गिअरबॉक्सला तो नव्हता. तो इथं होता, परसूच्या गाडीत, माझ्या पायाखाली.

चढ संपला, परसूनं चौथा टाकला, शीळ बंद झाली. पुढं एक छोटा चढ आला, तिसरा पडला, शीळ परत आली.

"काय वैनी, गप झाला?"

"गाडी ऐकतेय तुमची."

मांडवात हळदीकुंकू झालं, मुलीला साडी नेसवायला आत नेलं, पुरुष पानाच्या तबकाभोवती बसले. मी मागच्या बाजूनं बाहेर आले. गाडी चिंचेखाली लावली होती. एक रिकामं पोतं घेतलं, गाडीखाली अंथरलं, इरकलीचा काष्टा मारावा तसा घोळ करून खोचला आणि पाठीवर सरपटत आत शिरले.

गिअरबॉक्स चिखलानं माखलेला होता. मी बोटानं खरवडलं. मग पदरानं पुसलं. डावीकडच्या कानाशी बोट थांबलं. आंब्याची कोय. बेळगावची.

बाहेर कुणीतरी म्हणालं, "अगं बया, गाडीखाली कुणाचं पाय?"

मी बाहेर आले तेव्हा निम्मा मांडव भोवती जमला होता. तोंडाला, पदराला, हाताला काळं. नवऱ्या मुलाकडचे पाहुणे टोप्या सावरत बघत होते. परसू धावत आला.

"वैनी, काय ह्ये? बरं हाय न्हवं?"

"माझं बरं आहे. आमचा गिअरबॉक्स तुमच्या गाडीत काय करतोय?"

त्याचा चेहरा क्षणभर उतरला, पण लगेच त्यानं तो उचलून जागेवर बसवला. मेकॅनिकच तो. "अहो, काय बोलताय? असली जोडकामं रगड असत्यात."

"मी जोडकामाचं नाव तरी काढलं का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. परसू लाल झाला.

"पाव्हणं आल्यात," भावकीतला एक म्हातारा पुढं होऊन म्हणाला. "पोरीचं शुभकार्य हाय. घरातली भांडणं घरात. बाईमाणसानं..."

"बाईमाणूस घाटात दांडी धरून मरत होतं, तेव्हा कुणाचं शुभकार्य होतं?"

गर्दीतनं आमचे मालक पुढं आले. मला वाटलं, आला. एकदाचा उभा राहिला हा माणूस. चांगला दणका देईल भावाला.

ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "शालन, चल बघू. तोंड धू. तो देणार हाय परत. वर्ष झालं की देतो म्हणालाय."

चिंचेखाली एवढी माणसं होती, पण मला कुणाचा आवाज येईना.

"तुम्हाला कधीपासनं ठाऊक?"

ते पायानं माती उकरायला लागले.

"त्या दिवशी एकटे गेला होता. तेव्हापासनं?"

मान हलली.

"तिथं बघितलंत?"

"त्याची गाडी कामाच्या खड्ड्यावर हुती," ते पुटपुटले. "दिसलं. त्यो म्हणाला, कंत्राट मिळू दे, वर्षभर वापरतो, वैनीला सांगू नको, उगा तमाशा करतील. भाऊ हाय गं. एका ताटात जेवलेला. काय म्हणणार?"

परसूनं चोरी केली, ती मला समजत होती. चोर म्हणजे चोर. त्याला पोट असतं, हाव असते. पण हा माणूस पहिल्या आठवड्यापासनं सगळं जाणून दर मंगळवारी माझ्याशेजारी बसत होता. कठडा त्याला दिसत होता, माझे हात दिसत होते, आणि भावाशी वाईटपणा येऊ नये म्हणून "तू हैस की" म्हणत होता. ते तिरकं बघणं कौतुकाचं नव्हतं. आज दांडी सुटते की उद्या, एवढंच तो बघत असावा.

आणि मी मासळीवाल्यांना ऐटीत सांगत होते.

रडू आलं नाही. मी गाडीचं दार उघडलं, किल्ली काढली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि कमरेला खोचली. मग रांजणावर जाऊन हातपाय धुतले आणि पहिल्या पंगतीला जाऊन बसले. जिलेबी चांगली झाली होती. दोनदा मागून घेतली.

परसूची बायको वाढायच्या निमित्तानं तीनदा येऊन गेली. "जाऊबाई, किल्ली द्या की. बायका परत कशा जातील?"

"गाडी गॅरेजकडं जाणार असेल तर किल्ली आत्ता देते. माझ्यासमोर गिअरबॉक्स उतरेल, माझ्यासमोर चढेल. भात वाढ."

दुपारी पाहुण्यांनीच परसूला कोपऱ्यात घेतलं. दुधाचं काम देणाऱ्यांचा एक माणूस पंगतीत होता, त्याच्या कानावर हे जायला नको होतं. परसू माझ्यासमोर आला तेव्हा देवाला पाने देणारा तो परसू कुठल्या कुठं गेला होता. "उद्या करतो, वैनी," एवढंच म्हणाला. मी पदराची गाठ सोडून किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी त्याच्या गॅरेजात उलटा डबा टाकून बसले. त्यानं दोन्ही गाड्यांचे गिअरबॉक्स उतरवले. घमेल्यातली ती दात झडलेली चक्रं लिलावातल्या त्याच्याच गाडीची होती, हे तेव्हा ओघानंच बाहेर आलं. आमचा पुसून घेतला. मी म्हटलं, "तेल काढा सगळं." काढलं. काळं होतं, पण चुरा नव्हता. "मागचं सील नवं घाला. त्यासाठीच आलो होतो आम्ही." घातलं. गिअरबॉक्स चढला, बोल्ट कसले गेले. बाजूच्या भोकातनं तो नवं तेल भरायला लागला आणि मध्येच थांबून बूच लावायला निघाला.

"थांबा."

मी खाली वाकले आणि भोकात करंगळी घातली. कोरडी आली.

"अजून."

तो भरत राहिला. तेल भोकाच्या काठाला येऊन बाहेर ओघळलं, तेव्हा म्हटलं, "आता लावा बूच."

"तुमचा इस्वास उडाला वैनी माझ्यावरचा."

"तो होता कधी? तुमच्या भावाचा होता. त्यांचा अजून असेल, विचारा."

मालक दारात उभे होते. आत यायचं धाडस नव्हतं, घरी जायची सोय नव्हती. काम संपलं तसे पुढं झाले, गाडीत चढले, स्टिअरिंगपुढं बसले आणि नेहमीसारखं म्हणाले, "बस."

"उतरा," मी म्हटलं.

"आं?"

"उतरा खाली. परसूभाऊजी, गाडी दारात आणून लावा आमच्या."

मला तेव्हा गाडी येत नव्हती. शेतात दोन-चारदा पुढंमागं केली होती, तेवढीच. गडहिंग्लजच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "बाई, मोपेड शिका. सोपी असती." मी म्हटलं, "मोपेडवर कोबी किती मावतो ते सांगा, मग शिकते." शिकवली त्यानं. क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उड्या मारायची आणि गावातली रिकामी माणसं कट्ट्यावर बसून हसायची. हसू दे म्हटलं. त्यांना तेवढंच येत होतं.

परवाना मिळेपर्यंत गाडी दारात उभी होती. बाजार बुडाले. मालकांनी अबोला धरला, मग सोडला. एकदा भाकरी खाताना म्हणाले, "मी काय मारायला न्हेत हुतो का तुला?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही कुणालाच काही करत नाही."

परवाना आला त्या मंगळवारी मीच माल भरून घेतला. पोती एकावर एक, वर ताडपत्री, दोर. स्टिअरिंगपुढं बसले. मालक जेवणाचं गाठोडं घेऊन डाव्या दाराशी आले आणि दाराला हात घातला.

"मागं," मी म्हटलं.

"मागं कुठं?"

"पोत्यांवर. ताडपत्री अंगावर घ्या, आंबोलीला धुकं असतं."

भांडतील असं वाटलं. भांडले असते तर कदाचित दार उघडलं असतं मी. पण त्यांची मान हलली आणि ते चाकावर पाय देऊन वर चढले.

घाट उतरायला मला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून जीव खाल्ला. तिसरा टाकला, दांडीवरचा हात काढून घेतला. ती जागच्या जागी राहिली. धबधब्याखालच्या वळणाला मागच्या काचेवर टकटक झालं. "हळू, शालन! हळू जरा!" मी वळून बघितलं नाही. हळूच चालवत होते.

सावंतवाडीत ते खाली उतरले तेव्हा ओलेचिंब होते, दात वाजत होते. मासळीवाल्या माना उंचावून बघत होत्या. मी चहा मागवला, पहिला कप त्यांना दिला. त्यांनी दोन्ही हातांत धरून प्यायला, कप परत दिला आणि चाचरत विचारलं,

"परत जाताना तरी फुडं बसू?"

"परत जाताना गाडी रिकामी असते," मी म्हटलं. "मागं भरपूर जागा आहे."